पोस्टग्रेस १० वरून १७ वर: ग्रंथालयाचा डेटाबेस स्क्रिप्टने हलवतानाच्या नोंदी

८ नोव्हेंबर २०२५

गोव्यातील फोंडा तालुक्यातील एका सार्वजनिक ग्रंथालयाची संगणकव्यवस्था माझ्याकडे आहे. तिथली पुस्तकसूची आणि देवघेव विभागाचा सगळा हिशेब अजूनही उबुंटू १८.०४ (लिनक्सचा एक प्रकार) वरील पोस्टग्रेस १० या डेटाबेस-सर्व्हरमध्ये आहे. पोस्टग्रेस १० च्या दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबल्या आणि उबुंटूच्या त्या आवृत्तीची नेहमीची मुदत २०२३ मध्ये संपली, त्यामुळे हे काम आणखी पुढे ढकलणे योग्य नाही. नव्या यंत्रावर डेबियन १३ (लिनक्सचाच दुसरा प्रकार) घालून त्याच्याच पॅकेज-भांडारातील पोस्टग्रेस १७ वापरण्याचे ठरवले आहे. आवृत्ती १८ सप्टेंबरमध्ये आली आहे. परंतु तिच्यासाठी बाहेरचे भांडार जोडावे लागेल आणि ग्रंथालयात दररोज लक्ष ठेवणारा तंत्रज्ञ नाही. सतराव्या आवृत्तीला नोव्हेंबर २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत, तेवढे आम्हाला पुरेसे आहे.

पीजी_अपग्रेड (डेटाच्या फायली तशाच ठेवून आवृत्ती बदलणारे साधन) न वापरण्याचे कारण इथे नोंदवून ठेवतो, कारण हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. जुन्या यंत्रावर जीलिबसी (लिनक्समधील सर्व कार्यक्रम वापरतात तो मूलभूत संच) २.२७ आहे, नव्यावर २.४१. मधल्या २.२८ या आवृत्तीत (ऑगस्ट २०१८) अक्षरांच्या क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. मजकुरावरचे इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) डिस्कवर जुन्या क्रमाने रचलेले असतात. त्या फायली जशाच्या तशा नव्या यंत्रावर नेल्या, तर सर्व्हर विनातक्रार चालू होतो, पण शोधताना असलेली नोंद सापडत नाही आणि एकच क्रमांक दोनदा नोंदवला जाऊ शकतो. डंप (सगळ्या डेटाची निर्यात केलेली फाइल) काढून पुन्हा भरल्यास सर्व इंडेक्स नव्या नियमांनी बांधले जातात. आमचा डेटाबेस तीन जीबीच्या आत असल्यामुळे वेळेचा प्रश्नच नाही.

एकदाच करायच्या कामासाठी स्क्रिप्ट (ओळीने चालणाऱ्या आज्ञांची फाइल) कशाला, असे समितीतील एका सदस्यांनी विचारले. ग्रंथालय बंद असेल त्याच दिवशी खरे स्थलांतर करता येईल, आणि त्या दिवशी जे करायचे तेच आधी पुन्हापुन्हा करून पाहिलेले असले पाहिजे. हाताने दिलेल्या आज्ञा प्रत्येक वेळी सारख्या होत नाहीत. शिवाय शेजारच्या तालुक्यातील एका ग्रंथालयात हीच मांडणी आहे आणि त्यांनाही हे लवकरच करावे लागणार आहे. या नोंदी प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहेत. तालमीसाठी वाचनकक्षातून काढलेला एक जुना संगणक घेतला असून त्यात नवी एसएसडी बसवली. त्यापलीकडे खर्च नाही.

११ नोव्हेंबर

आजचा दिवस यादी करण्यात गेला. पीजी_डंप एका डेटाबेसमधील तक्ते, फंक्शन्स आणि मजकूर देतो. वापरकर्ते आणि त्यांचे पासवर्ड त्यात येत नाहीत. त्यासाठी पीजी_डंपऑल '--ग्लोबल्स-ओन्ली' असे वेगळे चालवावे लागते. पोस्टग्रेसच्या मुख्य सेटिंगची फाइल, कोणी कुठून जोडायचे हे ठरवणारी पीजी_एचबीए फाइल आणि रात्रीच्या बॅकअपची क्रॉनमधील (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सेवेतील) ओळ या तिन्ही गोष्टी कोणत्याच डंपमध्ये नसतात.

सहज नजरेतून सुटेल अशी आणखी एक बाब आहे. आमच्या डेटाबेसवर 'ऑल्टर डेटाबेस … सेट सर्च_पाथ' अशी आज्ञा (तक्ते कोणत्या स्कीमांत, म्हणजे विभागांत, शोधायचे हे सांगणारी) कोणीतरी पूर्वी दिलेली आहे आणि देवघेवीचा कार्यक्रम पूर्णपणे तिच्यावर अवलंबून आहे. आवृत्ती ११ पासूनचा पीजी_डंप ही डेटाबेस-पातळीवरील सेटिंग्ज '--क्रिएट' हा पर्याय दिला तरच सोबत घेतो. डंप नव्या आवृत्तीच्या पीजी_डंपनेच काढायचा असतो. सतराचा पीजी_डंप ९.२ पर्यंतच्या जुन्या सर्व्हरशी बोलू शकतो. जुन्या सर्व्हरच्या सेटिंगला हात लावायला नको म्हणून एसएसएचच्या (सुरक्षित दूरजोडणीच्या) बोगद्यातून जोडणी केली.

बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पीजी_डंपचा पूर्ण मार्ग आवृत्ती १० च्या फोल्डरसह लिहिलेला आढळला. नव्या यंत्रावर तो मार्ग अस्तित्वातच नसेल, म्हणून डेबियनच्या सामान्य पीजी_डंप आज्ञेचा वापर करून ती ओळ बदलली.

१५ नोव्हेंबर

पहिली तालीम डेटाबेस तयार करण्याच्या पायरीवरच थांबली. 'ईएन_आयएन' हे लोकेल (भाषा आणि देशानुसार अक्षरांचे नियम ठरवणारी सेटिंग) वैध नाही, असा संदेश आला. जुन्या यंत्रावर उबुंटू बसवताना भारत हा देश निवडल्यामुळे डेटाबेस त्या लोकेलने तयार झालेला आहे, आणि डेबियनच्या किमान मांडणीत ते लोकेल तयार केलेले नसते. हे अपेक्षितच होते आणि त्यासाठी स्क्रिप्टमध्ये पायरीही होती: 'लोकेल.जेन' फाइलमधील संबंधित ओळीपुढची टिप्पणीची खूण सेडने (मजकूर बदलणाऱ्या आज्ञेने) काढायची आणि लोकेल-जेन चालवायचे. दोन्ही आज्ञा यशस्वी झाल्याचे स्क्रिप्ट सांगत होती.

कारण शोधण्यात संध्याकाळ गेली. अमेरिकी इंग्रजीसाठी त्या फाइलमधील ओळ 'ईएन_यूएस.यूटीएफ-८ यूटीएफ-८' अशी असते, त्यामुळे सेडची आज्ञाही 'ईएन_आयएन.यूटीएफ-८ यूटीएफ-८' या साच्याने लिहिलेली होती. भारतीय लोकेलांच्या ओळी मात्र 'ईएन_आयएन यूटीएफ-८' अशा, मधल्या बिंदूशिवाय आहेत. मराठीची 'एमआर_आयएन' आणि कोकणीची 'केओके_आयएन' यांचीही तशीच. सेडला साचा सापडला नाही तर तो काहीही न बदलता शून्य (म्हणजे यशस्वी) हाच निकालांक परत करतो, म्हणजे स्क्रिप्टच्या दृष्टीने सर्व सुरळीत.

दुरुस्ती केवळ साच्याची केली नाही. पायरी संपल्यावर 'लोकेल -ए' च्या यादीत हवे ते लोकेल दिसते का, हे तपासून नसेल तर तिथेच थांबावे, अशी ओळ घातली. यापुढे प्रत्येक पायरीसाठी हाच नियम ठेवला आहे: आज्ञा यशस्वी झाली का, एवढे विचारून पुढे जायचे नाही, तिने जे घडवायला हवे होते ते प्रत्यक्ष घडले आहे का, हे पाहायचे.

१८ नोव्हेंबर

वापरकर्ते भरण्याची पायरी. पीएसक्यूएलला (पोस्टग्रेसला आज्ञा देणाऱ्या कार्यक्रमाला) फाइल दिली की मधल्या चुकांवरून तो पुढे जात राहतो आणि शेवटी शून्य निकालांक देतो. त्यामुळे 'ऑन_एरर_स्टॉप' चालू करणे आवश्यक आहे. ते चालू केल्याबरोबर स्क्रिप्ट सुरुवातीलाच अडली, कारण पीजी_डंपऑलच्या फाइलमध्ये 'क्रिएट रोल पोस्टग्रेस' ही ओळ असते आणि तो वापरकर्ता नव्या क्लस्टरमध्ये (एका सर्व्हरखालील सर्व डेटाबेसांच्या संचात) आधीपासूनच असतो. अनेक जण इथे 'ऑन_एरर_स्टॉप' काढून टाकतात. तसे न करता तेवढी एकच ओळ, संपूर्ण ओळ जुळवून, गाळली. बाकी कोणत्याही चुकीवर स्क्रिप्ट थांबलीच पाहिजे.

डेटा भरत असताना दुपारी वीज गेली. तालमीच्या संगणकाला यूपीएस नाही. वीज आल्यावर स्क्रिप्ट पुन्हा चालवली, तर 'डेटाबेस आधीच आहे, ही पायरी वगळली' असे सांगून ती पुढे गेली. डेटाबेस होता हे खरे, पण तो अर्धवट भरलेला होता. एखादी गोष्ट आहे का हे पाहून पायरी वगळण्याची पद्धत फायलींसाठी ठीक आहे. डेटाबेसचे नाव अस्तित्वात असणे आणि तो पूर्ण भरलेला असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आमचा डेटा थोडा असल्याने सर्वांत साधा मार्ग निवडला: प्रत्येक वेळी नव्या यंत्रावरील क्लस्टर पूर्ण काढून टाकायचा आणि शून्यापासून सुरुवात करायची. मात्र प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यावर चुकून ही स्क्रिप्ट कोणी चालवली तर अनर्थ होईल, म्हणून यंत्रावर 'वापरात' नावाची खुणेची फाइल असल्यास तिने काहीही न करता बाहेर पडावे, अशी पहिलीच ओळ लिहिली.

क्लस्टरबाबत आणखी एक: डेबियनवर पोस्टग्रेसचे पॅकेज बसवताच '१७ मेन' नावाचा क्लस्टर आपोआप तयार होतो. तो आपल्या सेटिंगने तयार करायचा असल्यास पॅकेज बसवण्यापूर्वीच 'क्रिएटक्लस्टर.कॉन्फ' मध्ये 'क्रिएट_मेन_क्लस्टर' बंद करावे.

२२ नोव्हेंबर

आज स्क्रिप्ट प्रथमच शेवटपर्यंत गेली. सर्व तक्त्यांतील नोंदींची संख्या जुन्याशी जुळली, देवनागरी शीर्षके पडद्यावर व्यवस्थित दिसली. ग्रंथपालबाईंनी शोध करून पाहिला आणि म्हणाल्या, "सर, इंग्रजी आणि पोर्तुगीज पुस्तकं मिळतात, पण मराठी-कोकणी एकही येत नाही."

आमचा शोध शुद्धलेखनातील फरक चालवून घेतो. 'पीजी_टीआरजीएम' या विस्ताराने शब्दांचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून साम्य मोजले जाते. नव्या सर्व्हरवर 'शो_टीआरजीएम' ला 'पुस्तक' हा शब्द दिला, तर उत्तर म्हणून फक्त रिकामा महिरपी कंस आला. एकही तुकडा नाही. हा विस्तार कोणते चिन्ह अक्षर मानायचे हे डेटाबेसच्या 'एलसी_सीटाइप' वरून ठरवतो, आणि ते 'सी' असेल तर त्याला फक्त रोमन अक्षरे कळतात. पूर्ण देवनागरी शब्द त्याच्या लेखी विरामचिन्हांसारखा ठरतो आणि साम्य शून्य येते.

लोकेल 'सी' कुठून आले? स्क्रिप्टच्या माथ्यावर 'एलसी_ऑल=सी' होते. आज्ञांचे संदेश नेहमी इंग्रजीतच यावेत आणि ते तपासता यावेत, म्हणून बॅशच्या स्क्रिप्टमध्ये असे लिहिण्याची रीत आहे. क्लस्टर तयार करणाऱ्या आज्ञेनेही तेच उचलले. एन्कोडिंग यूटीएफ-८ असे स्पष्ट सांगितलेले होते, त्यामुळे एन्कोडिंगची तपासणी उत्तीर्ण झाली. पुढे डेटाबेस आधी स्वतंत्रपणे तयार करून त्यात डंप भरण्याची पायरी होती, म्हणून त्यालाही क्लस्टरचेच लोकेल मिळाले. यादीत लिहिलेला '--क्रिएट' पर्याय भरण्याच्या पायरीत उतरलेलाच नव्हता. आता पीजी_रिस्टोअर (डंप भरणारी आज्ञा) '--क्रिएट' ने चालतो, त्यामुळे जुन्या डेटाबेसचे लोकेल आणि सर्च_पाथ दोन्ही सोबत येतात. क्लस्टर तयार करतानाही लोकेल नावानिशी दिले आहे.

तपासणीत एक पायरी वाढवली: 'पुस्तक' या शब्दाचे तुकडे रिकामे आले तर थांबा. देवनागरीत काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेने ही एक ओळ जरूर ठेवावी, कारण नोंदींची संख्या कितीही काटेकोर जुळवली तरी हा दोष त्यात दिसत नाही.

२३ नोव्हेंबर

'--क्रिएट' लावल्यावर वेगळीच अडचण. एक इंडेक्स बांधताना 'अनअ‍ॅक्सेंट(टेक्स्ट) हे फंक्शन अस्तित्वात नाही' असे सांगून पीजी_रिस्टोअर थांबला. आमच्याकडे १९६१ पूर्वीची पोर्तुगीज पुस्तके बरीच आहेत आणि वाचक शीर्षक टंकताना अक्षरांवरच्या खुणा देत नाहीत, म्हणून खुणा काढून टाकणारे एक छोटे फंक्शन लिहून त्यावर इंडेक्स केलेला आहे. त्या फंक्शनच्या आत 'अनअ‍ॅक्सेंट' असे नुसतेच, स्कीमाचे नाव न देता लिहिले होते. २०१८ मधील सुरक्षा-दुरुस्तीपासून डंप भरताना सर्च_पाथ रिकामा ठेवला जातो, त्यामुळे नुसते नाव कुठे शोधायचे हे सर्व्हरला कळत नाही. आवृत्ती १७ त्याहीपुढे गेली आहे: रिइंडेक्स, अ‍ॅनालाइझ यांसारखी देखभालीची कामे ती नेहमीच सुरक्षित, मर्यादित सर्च_पाथने करते. म्हणजे डंप भरताना काही युक्ती करून वेळ मारून नेली असती, तरी पुढे कधीतरी देखभालीच्या वेळी हे समोर आलेच असते.

फंक्शनमध्ये 'पब्लिक.अनअ‍ॅक्सेंट' असे पूर्ण नाव लिहिले, शब्दकोशाचे नावही स्कीमासह दिले. ही दुरुस्ती नव्या सर्व्हरवर न करता जुन्यावरच केली. तिथे ती चालते याची खात्री होते, आणि डंप काढला की दुरुस्त रूपच येते. स्क्रिप्टमध्ये मध्येच ठिगळ लावावे लागत नाही.

२९ नोव्हेंबर

पासवर्ड. आवृत्ती १० मध्ये पासवर्ड एमडी५ पद्धतीने साठवलेले आहेत आणि डंपमधून तसेच येतात. डेबियनच्या नव्या पीजी_एचबीए फाइलमध्ये नेटवर्कवरून येणाऱ्या जोडण्यांसाठी स्क्रॅम ही पासवर्ड तपासण्याची नवी पद्धत लिहिलेली असते, आणि एमडी५ रूपात साठवलेला पासवर्ड तिथे चालत नाही. संदेश मात्र 'पासवर्ड चुकीचा' एवढाच येतो. फाइलमध्ये 'एमडी५' लिहिले तर दोन्ही प्रकारचे पासवर्ड चालतात, हा सोपा मार्ग आहे. परंतु आवृत्ती १८ पासून एमडी५ बाद करण्याच्या सूचना येऊ लागल्या आहेत, तेव्हा हे काम आताच संपवलेले बरे.

स्क्रॅम आवृत्ती १० मध्येही आहे. म्हणून जुन्या सर्व्हरवरच 'पासवर्ड_एन्क्रिप्शन' बदलून वापरकर्त्यांचे पासवर्ड नव्याने दिले. सूचीचे संकेतस्थळ चालले, पण देवघेवीच्या टेबलावरील जावा कार्यक्रमाने 'ऑथेंटिकेशन टाइप १० सपोर्टेड नाही' असे सांगितले. त्यातला जेडीबीसी ड्रायव्हर (जावा कार्यक्रमाला डेटाबेसशी जोडणारा भाग) जुना होता, स्क्रॅमसाठी ४२.२.० किंवा त्यानंतरचा लागतो. ड्रायव्हरची फाइल बदलून कार्यक्रम पुन्हा सुरू केला. हा बदल वाचक टेबलासमोर उभे असताना झाला आणि तेवढा वेळ देवघेव वहीत लिहावी लागली. ज्यांना हे करायचे आहे त्यांनी ड्रायव्हर आधी बदलावा, पासवर्ड नंतर; नवा ड्रायव्हर एमडी५ शीही व्यवस्थित बोलतो.

३० नोव्हेंबर

तपासणीसाठी डंपचा आराखडा पुन्हा काढून तो आधीच्या तालमीशी ताडून पाहण्याची पायरी आहे. दोन्ही तालमींत काहीही बदललेले नसताना प्रत्येक वेळी फरक दिसत होता. ऑगस्ट २०२५ च्या सुरक्षा-दुरुस्तीपासून साध्या मजकुराच्या डंपमध्ये 'रिस्ट्रिक्ट' अशी ओळ येते आणि तिच्यापुढचा शब्द दर वेळी नवा असतो. '--रिस्ट्रिक्ट-की' ने तो ठरावीक ठेवता येतो. फक्त ताडून पाहण्याच्या डंपसाठीच तो ठरावीक ठेवला आहे.

दाखल क्रमांकांची यादी मात्र खरोखरच बदलली आहे. अनेक खंडांच्या ग्रंथांना आमच्याकडे '२-१४' असे क्रमांक आहेत. जुन्या यंत्रावर यादी २१३, २१४, २-१४, २१५ अशी येत असे, कारण जुने नियम पहिल्या तुलनेत जोडरेघ धरतच नसत. नव्या यंत्रावर २-१४ हा क्रमांक २१३ च्याही आधी येतो. साठा पडताळणीची छापील यादी घेऊन कपाटांपाशी फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांना पाने मागेपुढे करावी लागतील. दोन्ही क्रम तसे चुकीचेच आहेत, कारण दुसऱ्या क्रमांकाचा ग्रंथ दोनशेच्या आसपास असण्याचे काही कारण नाही. आवृत्ती १२ पासून मिळणाऱ्या जनरेटेड कॉलमने (इतर रकान्यांवरून आपोआप भरणाऱ्या रकान्याने) जोडरेघेच्या आधीचा आणि नंतरचा भाग अंक म्हणून वेगळा काढून हे नीट करता येईल. ते स्थलांतरानंतर करायचे ठरवले आहे. आवृत्ती बदलणे आणि रचना सुधारणे ही दोन कामे एकाच दिवशी केली, तर काही बिघडल्यास कशामुळे बिघडले ते सांगता येत नाही. ग्रंथपालबाईंना हा फरक आधीच दाखवून ठेवला.

शेवटच्या तालमीत आणखी एक दोष सापडला. डंप काढण्यापूर्वी जुन्या डेटाबेसमध्ये कोणी काही लिहू नये, म्हणून त्यावर 'डीफॉल्ट_ट्रान्झॅक्शन_रीड_ओन्ली' चालू केले होते. हे सेटिंग डेटाबेस-पातळीवरचे असल्याने '--क्रिएट' मुळे तेही डंपमधून आले, आणि नवा डेटाबेस जन्मतःच फक्त वाचनासाठी झाल्यामुळे त्यात एकही तक्ता तयार होईना. ते सेटिंग काढून टाकले. आता स्क्रिप्ट जुन्या पीजी_एचबीए फाइलमध्ये कार्यक्रमांच्या वापरकर्त्यांसाठी 'रिजेक्ट' लिहिते, सेटिंग पुन्हा वाचायला लावते, चालू जोडण्या तोडते आणि मग डंप काढते. परत जायची वेळ आली तर त्या ओळी काढल्या की जुना सर्व्हर पूर्ववत.

३ डिसेंबर

सां फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताची सुट्टी असल्याने ग्रंथालय बंद होते. सकाळी स्क्रिप्ट सुरू केली. डंप काढणे आणि भरणे यांना मिळून चहा होईपर्यंतचा वेळ लागला. सर्व तपासण्या उत्तीर्ण झाल्या. यूपीएसवर नवे यंत्र आणि नेटवर्कचा स्विच दोन्ही होते.

संकेतस्थळावरचा पहिला शोध फार हळू झाला. भरलेल्या डंपसोबत आवृत्ती १७ मध्ये तक्त्यांची आकडेवारी येत नाही, त्यामुळे कोणता इंडेक्स वापरावा याचा सर्व्हरला अंदाज नसतो. तालमीत हे जाणवले नव्हते, कारण प्रत्येक वेळी तपासणीला बसेपर्यंत ऑटोव्हॅक्यूमने (आपोआप चालणाऱ्या देखभालीने) ते काम केलेले असे. व्हॅक्यूमडीबी '--अ‍ॅनालाइझ-ओन्ली' हाताने चालवले, शोध पूर्वीसारखा झाला, आणि ती ओळ स्क्रिप्टमध्ये डेटा भरल्यानंतर लगेच घातली. 'वापरात' ही खुणेची फाइल तयार केली.

६ डिसेंबर

रात्रीचे बॅकअप नव्या यंत्रावरून होत आहेत. आजचा बॅकअप तालमीच्या संगणकावर पूर्ण भरून पाहिला; भरण्यासाठी आणि तपासण्यांसाठी त्याच स्क्रिप्टचा उत्तरार्ध वापरला. 'पुस्तक' चे तुकडे आले, नोंदी जुळल्या.

जुना सर्व्हर बंद करून ठेवला असून मार्चमधील साठा पडताळणी होईपर्यंत त्याची डिस्क पुसायची नाही, असे समितीने मान्य केले आहे. दाखल क्रमांकाच्या जनरेटेड कॉलमचे काम डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घेणार आहे. शेजारच्या ग्रंथालयाला स्क्रिप्ट दिली आहे. त्यांच्या डेटाबेसमध्ये पायथन २ मध्ये लिहिलेली दोन फंक्शन्स आहेत, आणि पोस्टग्रेस १५ पासून पायथन २ चा आधार काढून टाकलेला असल्याने ती जुन्या सर्व्हरवरच पायथन ३ मध्ये नव्याने लिहून घ्या, असे त्यांना सांगितले आहे.